संचालकाच्या खुर्चीचा विमा

पुण्याहून पौड रस्त्याने निघालं की भूगाव, भुकूम, पिरंगुट असं करत घोटावडे फाटा येतो. तिथून एक रस्ता घोटावड्याकडे वळतो आणि पुढे माण-हिंजवडीच्या दिशेने जातो; पिरंगुटहून दुसरा उरवड्यामार्गे मुठ्याकडे आणि लवासाकडे. एकेकाळी भातखाचरांसाठी ओळखला जाणारा हा मुळशीचा पट्टा आता लहान-मोठ्या कारखान्यांचा आहे. लोक सरसकट ‘पिरंगुट एमआयडीसी’ म्हणतात, पण शेड भरे, कासार आंबोली, उरवडे, घोटावडे अशा सगळ्या गावांच्या शिवारात पसरल्या आहेत. बहुतेकांच्या फाटकावर नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिलेलं दिसतं.

७ जून २०२१, सोमवार. उरवड्यातल्या एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या पाणी शुद्धीकरणाची रसायनं बनवणाऱ्या कंपनीत दुपारी आग लागली. सतरा कामगारांचा त्यात मृत्यू झाला. पंधरा जणी स्त्रिया होत्या, आजूबाजूच्या गावांमधून कामाला येणाऱ्या. राज्य सरकारकडून मृतांच्या वारसांना पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले. चौकशी समिती बसली. पौड पोलिसांनी कंपनीच्या मालक-संचालकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला आणि दुसऱ्याच दिवशी एका संचालकाला अटकही झाली. गुन्हा नोंदवला जाणं आणि दोष सिद्ध होणं यांत मोठं अंतर असतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. पण त्या आठवड्यात या पट्ट्यातल्या कारखानदारांना एक गोष्ट लख्ख दिसली. आग कंपनीच्या आवारात लागते, विमा असतो कंपनीच्या इमारतीचा आणि मालाचा, पोलीस मात्र माणसाच्या घरी येतात.

त्या माणसासाठी एक वेगळा विमा असतो. व्यवहारात त्याला ‘डी अँड ओ पॉलिसी’ म्हणतात. संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक दायित्वाचा विमा. विमा एजंटांच्या यादीत तो आग, मशिनरी, मरीन, ग्रुप मेडिक्लेम यांच्या खाली कुठेतरी असतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्यापैकीही अनेकांचा समज असा, की काहीही झालं तरी ही पॉलिसी आपल्याला वाचवेल. ती काय करते आणि काय करत नाही, हे मुळशीतल्याच प्रकरणांवर घासून पाहिलं तर बरंच स्पष्ट होतं.

आधी मूळ रचना. कंपनी ही कायद्याच्या लेखी स्वतंत्र व्यक्ती आहे आणि भागधारकाची जबाबदारी त्याच्या भांडवलापुरती मर्यादित असते. ‘लिमिटेड’चा अर्थ एवढाच. संचालक म्हणून घेतलेल्या निर्णयांना ही मर्यादा लागू नाही. गुंतवणूकदार, धनको, नियामक, कामगार, सरकार यांपैकी कोणीही कारभारातल्या चुकीसाठी संचालकाला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरू शकतं. असा दावा झाला की वकिलांचा खर्च, तडजोडीची किंवा भरपाईची रक्कम पॉलिसी देते. तिचे तीन भाग असतात. कंपनी स्वतः संचालकाचा खर्च उचलू शकत नाही तेव्हा विमा कंपनी थेट त्या व्यक्तीला पैसे देते, हा ‘साइड ए’. कंपनीने खर्च उचलला आणि मग विमा कंपनीकडून वसूल केला, हा ‘साइड बी’. आणि शेअर-रोख्यांच्या दाव्यात खुद्द कंपनीच प्रतिवादी असेल, तर तिच्यासाठी ‘साइड सी’. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालकाने खरं तर पहिल्या भागाकडेच बारकाईने पाहावं, कारण त्याची गरज लागते तेव्हा कंपनी सहसा बुडालेली किंवा विरोधात गेलेली असते.

हा प्रकार जन्मला अमेरिकेतल्या १९२९ च्या शेअरबाजार कोसळण्यानंतर. १९३३ आणि १९३४ च्या रोखेविषयक कायद्यांनी संचालकांवर वैयक्तिक जबाबदाऱ्या टाकल्या आणि लंडनच्या लॉइड्सने त्यासाठी विमा देऊ केला. कित्येक वर्षं फारसं कोणी तो घेतला नाही. १९८५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ट्रान्स युनियन’च्या संचालकांना जबाबदार ठरवलं तेव्हा मंडळांची झोप उडाली. कंपनी विकण्याचा निर्णय त्यांनी पुरेशी माहिती न घेता घाईने घेतला, एवढाच ठपका होता. एक पैसा कोणी खिशात घातला नव्हता. तडजोड २ कोटी ३५ लाख डॉलरवर झाली आणि विमा होता १ कोटींचा. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला चांगलंच पाठ असलेलं एन्रॉन बुडालं, त्यानंतर २००५ साली तिच्या माजी संचालकांनी १६ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. त्यातले साडेपंधरा कोटी विम्यातून आले, पण १ कोटी ३० लाख डॉलर दहा संचालकांना स्वतःच्या खिशातून भरावे लागले. ही दुसरी रक्कम तुलनेने लहान आहे. तरी मंडळांवर बसणाऱ्यांच्या लक्षात तीच राहिली.

भारतात संचालकाची भीती थोडी निराळी आहे. अमेरिकेत तो भरपाईच्या आकड्याला भितो, इथे समन्स, अटक आणि तारखांना. याला कारण आपल्या कायद्यांची घडण. कंपनीकडून गुन्हा घडला तर त्या वेळी कारभाराचा प्रभारी असलेली प्रत्येक व्यक्ती दोषी मानली जाईल, असं कलम पर्यावरण संरक्षण कायद्यापासून चेक परत जाण्याच्या कायद्यापर्यंत डझनावारी ठिकाणी जवळजवळ त्याच शब्दांत आहे. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मग त्या व्यक्तीने दाखवायचं.

कारखान्यांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी नेमका आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ‘भोगवटादार’ ही व्यक्ती असते, कामगारांच्या सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी जिच्यावर आहे ती. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, या व्याख्येत दुरुस्ती झाली: कारखाना कंपनीचा असेल तर कोणीतरी संचालकच भोगवटादार मानला जाईल. त्याआधी आणि त्यानंतरही कंपन्यांची धडपड अशी, की या जागी एखाद्या फॅक्टरी मॅनेजरचं नाव टाकावं. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९६ मध्ये ही वाट बंद केली. भोगवटादार संचालकच असेल, पगारी व्यवस्थापक नाही. घोटावडे फाट्याच्या आसपास ‘भोगवटादार म्हणून मॅनेजरचं नाव घातलंय, आपण सुटलो’ असं समजणाऱ्या मालकाला हा निकाल कोणीतरी वाचून दाखवायला हवा. जुना कारखाना कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, पण जबाबदारीची दिशा तीच आहे.

त्याच महिन्यात, त्याच न्यायालयाने, भोपाळच्या युनियन कार्बाइड इंडियाच्या भारतीय पदाधिकाऱ्यांवरचा आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणाने मृत्यू इथवर खाली आणला. तेव्हा पहिल्या कलमात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती, दुसऱ्यात दोन. त्या आरोपींमध्ये कंपनीचे बिगर-कार्यकारी अध्यक्ष केशुब महिंद्रा होते, म्हणजे कारखान्याचं रोजचं काम न पाहणारे. निकाल लागला ७ जून २०१० रोजी, वायुगळतीनंतर साडेपंचवीस वर्षांनी. दोन वर्षं कैद आणि दंड. शिक्षा फार हलकी झाली, असा संताप तेव्हा देशभर उमटला आणि तो योग्यच होता. मात्र विम्याच्या नजरेने पाहिलं तर यातली महत्त्वाची गोष्ट ती पंचवीस वर्षं. इतका काळ वकील ठेवायचा तर तो कोणाच्या पैशाने?

आता उरवड्यासारखी घटना घ्या आणि तिथे पॉलिसी असती तर काय झालं असतं ते पाहा. जवळपास प्रत्येक डी अँड ओ पॉलिसीत शारीरिक इजा, मृत्यू आणि मालमत्तेचं नुकसान वगळलेलं असतं. मृत कामगारांच्या कुटुंबांनी भरपाई मागितली तर ही पॉलिसी एक रुपयाही देणार नाही. त्यासाठी कायद्याने वेगळे रस्ते केले आहेत: कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय, किंवा तो लागू नसेल तर पूर्वी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात असलेली आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेली भरपाई. भोपाळमुळे आलेला १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांना सक्तीचा आहे, पण तो कारखान्याबाहेरच्या लोकांसाठी. त्या कायद्याच्या मूळ तरतुदीतच कामगारांना वगळलं आहे. त्यामुळे डी अँड ओ पॉलिसी घेतली म्हणजे कामगारांची सोय झाली, असं ज्या मालकाला वाटतं तो दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो.

पण फौजदारी खटला? इथे पॉलिसीतल्या एका शब्दावर सगळं अवलंबून असतं. काही पॉलिसींमध्ये इजा-मृत्यू ‘साठीचे’ दावे वगळलेले असतात, काहींमध्ये इजा-मृत्यू ‘मधून उद्भवणारे’ दावे. पहिल्या शब्दरचनेत भरपाईचा दावा बाहेर जातो, पण संचालकावरच्या खटल्याच्या बचावाचा खर्च आत राहू शकतो. दुसऱ्या शब्दरचनेत तोही बाहेर. म्हणून चांगले ब्रोकर मनुष्यवधाच्या खटल्यातल्या बचावखर्चाचा विस्तार पॉलिसीत स्वतंत्रपणे लिहून घेतात. रसायनं, फटाके, बॉयलर, उंच इमारतींची बांधकामं असलेल्या कंपनीने ही ओळ नसलेली पॉलिसी घेतली तर तिने हप्ता भरला आणि नेमका आपला धोका बाहेर ठेवला. त्यातही मिळतो तो अटकपूर्व जामिनापासून अपिलापर्यंतचा वकिलाचा खर्च. जामिनाची रक्कम, दंड किंवा शिक्षा यांचा विमा होत नाही, आणि होऊही नये.

मुळशीतलंच दुसरं प्रकरण याच्या अगदी उलट बाजूचं आहे. उरवड्याच्या पुढे डोंगर ओलांडला की लवासा, खासगी कंपनीने वसवलेलं डोंगरातलं शहर. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये लवासा कॉर्पोरेशनला पर्यावरण परवानगीशिवाय काम सुरू केल्याबद्दल नोटीस दिली. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला अटींवर मंजुरी मिळाली. ती मिळण्याआधी उल्लंघनाबद्दल ठोस कारवाई करावी, असं मंत्रालयाने राज्याला सांगितलं होतं. त्यानुसार कंपनी आणि तिच्या पदाधिकाऱ्यांविरुद्ध पुण्याच्या न्यायालयात तक्रार दाखल झाली. पुढे कर्ज थकलं. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने एका खरेदीदाराची १,८१४ कोटींची योजना मंजूर केली, आणि पैसे न आल्याने पुढच्या वर्षी ती रद्दही झाली.

या तारखा ओळीने मांडल्या की डी अँड ओ विम्याचा सर्वांत कमी समजलेला नियम कळतो. आगीच्या विम्यात आग लागली त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे पाहतात. इथे पाहतात दावा केला गेला तो दिवस. निर्णय २००६ चा असो, नोटीस २०१० ला आली तर २०१० ची पॉलिसी लागते; खटला २०१९ मध्ये गुदरला तर २०१९ ची. आणि २०१९ ला कंपनी दिवाळखोरीत असेल, हप्ता भरणारं कोणी नसेल, तर त्या दिवशी पॉलिसीच नसते. मंडळ बरखास्त झालेलं, संचालकांची बँक खाती गोठलेली आणि नोटिसा मात्र येतच राहतात. याला उतारा म्हणून ‘रन-ऑफ’ संरक्षण घेतात: मालकी बदलण्याच्या किंवा कंपनी बंद होण्याच्या वेळी एकरकमी हप्ता भरून आधीच्या कृत्यांसाठी पुढची काही वर्षं, बहुधा सहा, पॉलिसी जिवंत ठेवायची. कंपनी विकताना करारनाम्यात शंभर गोष्टींवर घासाघीस करणारे प्रवर्तक या एका ओळीवर अडून बसत नाहीत, हे आश्चर्यच.

दिवाळखोरी संहितेतलं ३२-अ हे कलम इथे जोडून वाचावं. २०२० मध्ये आलेल्या या कलमाने नव्या मालकाकडे गेलेल्या कंपनीला जुन्या गुन्ह्यांपासून मोकळीक दिली. गुन्ह्याच्या वेळी कारभार पाहणाऱ्या व्यक्तींना दिली नाही. कंपनी सुटते, माणूस अडकून राहतो, आणि ज्या कंपनीने त्याचा खर्च उचलला असता ती आता परक्याची झालेली असते.

आणखी एक भोक असं, की लहान उद्योजकाचं सर्वांत मोठं वैयक्तिक ओझं या पॉलिसीच्या कक्षेत येतच नाही: बँकेला दिलेली वैयक्तिक हमी. तो करार आहे, कारभारातली चूक नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये वैयक्तिक हमीदारांविरुद्ध स्वतंत्र दिवाळखोरीची कारवाई वैध ठरवली, आणि त्या कारवाईपासून घर आणि शेतजमीन हमीत लिहून देणाऱ्या संचालकाला कोणताही दायित्वविमा वाचवू शकत नाही.

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात. त्यामुळे मुळशीतच काय, साऱ्या महाराष्ट्रात दुसरी सही बायकोची, आईची किंवा भावाची असते. कागद समोर येतो, सही होते, सही करणाऱ्या व्यक्तीला कंपनी काय बनवते हेही नीट माहीत नसतं. चेक परत गेला की नोटीस मात्र तिच्याही नावाने येते. इथे न्यायालयाने थोडा दिलासा दिला आहे: एस. एम. एस. फार्मास्युटिकल्सच्या २००५ च्या निकालाप्रमाणे केवळ संचालक आहे म्हणून कोणी चेकच्या खटल्यात आपोआप आरोपी होत नाही. ती व्यक्ती कारभाराची प्रभारी होती, असं तक्रारीत स्पष्ट म्हणावं लागतं. व्यवस्थापकीय संचालक आणि चेकवर सही करणारा यांना ही सवलत नाही. प्राप्तिकराचा नियम अधिक कडक: खासगी कंपनीची करवसुली झाली नाही तर संचालकांकडून ती होऊ शकते, आपला घोर निष्काळजीपणा नव्हता हे त्यांनीच सिद्ध करायचं. घरातल्या माणसाचं नाव संचालक म्हणून घालताना निदान ‘साइड ए’चं संरक्षण त्याच्यापर्यंत पोचतं का, हे पाहणं ही किमान सभ्यता.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालकही याच वर्गातले. तिथे धोका खटल्याचा कमी, विवरणपत्रांचा जास्त. सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्र दिलं नाही तर पाच वर्षांसाठी संचालक अपात्र. २०१७ मध्ये केंद्राने अशा तीन लाखांहून अधिक जणांना एका झटक्यात अपात्र ठरवलं. उशिराचं शुल्क प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. यावर विमा नाही, वेळेवर काम करणारा सीए आहे.

मग हा विमा कोणाला खरोखर उपयोगी पडतो? ज्याच्यावर आरोप होतो आणि जो शेवटी निर्दोष ठरतो, त्याला. पुण्यातलंच उदाहरण घेता येतं. जून २०१८ मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने डीएसके या बांधकाम समूहाला दिलेल्या कर्जाच्या प्रकरणात बँक ऑफ महाराष्ट्रच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांना अटक केली. देशाच्या बँकिंग क्षेत्रात खळबळ उडाली. शिवाजीनगरच्या ‘लोकमंगल’ या बँकेच्या मुख्यालयातून कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला फसवणुकीच्या आरोपाखाली ठेवीदारांच्या कायद्याने पकडता येतं का, हा वाद पेटला. काही महिन्यांनी त्याच पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचं न्यायालयाला कळवलं. मधल्या काळात गेलेलं पद आणि प्रतिष्ठा परत मिळण्याचा उपाय कोणत्याही पॉलिसीत नाही. वकिलाचं बिल मात्र असतं. आणि ते खटला संपल्यावर नव्हे, चालू असतानाच मिळालं तर उपयोग. चांगल्या पॉलिसीत बचावखर्च आगाऊ देण्याची अट असते ती यासाठी.

मग जो खरोखर लबाड आहे त्याचं काय? त्याचाही वकील विमा कंपनी पोसणार का? उत्तर थोडं अस्वस्थ करणारं आहे. फसवणूक आणि अप्रामाणिक लाभ हे पॉलिसीतून वगळलेले असतात, पण ही वगळणूक लागू होते अंतिम न्यायनिर्णयानंतर. तोवर आरोपी हा फक्त आरोपी असतो आणि खर्च मिळत राहतो; दोष सिद्ध झाला तर विमा कंपनी तो परत मागू शकते. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून ताळेबंदातला घोटाळा स्वतःच कबूल केला होता. तरी हैदराबादच्या विशेष न्यायालयाचा निकाल यायला एप्रिल २०१५ उजाडलं, आणि त्यावर अपील होतंच. परताव्यावर अवलंबून असलेल्या विमा कंपनीने इतक्या वर्षांनी कोणाकडून काय वसूल करायचं?

सत्यमने दुसराही धडा दिला. पॉलिसी घेताना कंपनीने भरलेल्या फॉर्ममध्ये हिशेब खरे असल्याचं लिहून दिलेलं असतं. एकाने खोटं लिहिलं म्हणून मंडळावरच्या बाकीच्यांचंही संरक्षण रद्द व्हावं का? राजूंच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते आणि इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाताही. घोटाळा त्यांना ठाऊक नव्हता. एकाचं पाप दुसऱ्याच्या खात्यावर न मांडण्याची अट पॉलिसीत असेल, तरच असे सदस्य वाचतात. शिवाय विम्याची मर्यादा एकच असते आणि बचावखर्च तिच्यातूनच वजा होत जातो. ताट एक आणि जेवणारे बारा: प्रवर्तकाच्या महागड्या वकिलांनी आधी वाढून घेतलं, तर स्वतंत्र संचालकाच्या पाळीला काय उरणार? म्हणून मोठ्या कंपन्यांतले जाणते स्वतंत्र संचालक आता फक्त आपल्यासाठी राखीव असलेली वेगळी मर्यादा मागतात. अमेरिकेत सत्यमने भागधारकांचा सामूहिक दावा साडेबारा कोटी डॉलरना मिटवला, यावरून ताट किती मोठं लागतं याची कल्पना येते.

सत्यमनंतर कायदा बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालकाची जबाबदारी मंडळाच्या कामकाजातून त्याला जे कळलं, ज्याला त्याने संमती दिली किंवा जिथे त्याने दक्षता बाळगली नाही, तेवढ्यापुरती आखली. १९५६ च्या कायद्यातलं कलम २०१ संचालकाला निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सोडवणारी कंपनीची हमी रद्दबातल ठरवत होतं; नव्या कायद्यात तसं कलम नाही. कंपनीने भरलेला डी अँड ओचा हप्ता संचालकाचं मानधन समजला जाणार नाही, पण तो दोषी ठरला तर समजला जाईल, अशी तरतूद मात्र आली. सेबीने ऑक्टोबर २०१८ पासून बाजारमूल्याने पहिल्या ५०० आणि जानेवारी २०२२ पासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना स्वतंत्र संचालकांसाठी हा विमा सक्तीचा केला. किती रकमेचा आणि कोणत्या जोखमींचा, हे ठरवायचं त्या त्या मंडळाने. म्हणजे एक कोटीची पॉलिसी घेऊनही नियम पाळल्यासारखं होतं. सक्ती करायची आणि मोजमाप सोडून द्यायचं, ही आपल्या नियमनाची जुनी सवय इथेही दिसते.

विमा असला की संचालक बेफिकीर होतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य असतं तर अपघात विमा घेतलेले लोक रस्त्यात उड्या मारत सुटले असते. ज्या देशात अटकेची भीती भरपाईच्या भीतीहून मोठी आहे तिथे पॉलिसीमुळे कोणी निर्धास्त होत नाही. खरा धोका दुसरा आहे: हप्ता ठरवताना विमा कंपनी लहान कारखान्याला जे प्रश्न विचारू शकते ते ती विचारत नाही. उलाढाल, नफा, परदेशातला, विशेषतः अमेरिकेतला व्यवसाय, आधीचे खटले यांवर हप्ता ठरतो. शेडमध्ये दुसरं दार आहे का, ज्वलनशील माल कुठे ठेवला आहे, भोगवटादार कोण, हे प्रश्न आगीच्या विम्याच्या टेबलावर राहतात आणि ती दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलली असती तर या विम्याचा उपयोग कामगारालाही झाला असता.

केंद्राने दरम्यान अनेक गुन्ह्यांतून तुरुंग काढून टाकला आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून, पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या बहुतेक उल्लंघनांना कैदेऐवजी १० हजार ते १५ लाखांचा दंड आहे. दंडाचा विमा होत नसल्याने पॉलिसीचं काम इथे चौकशीतल्या खर्चापुरतं आकसतं. मनुष्यवधाची कलमं मात्र भारतीय न्याय संहितेत आपल्या जागी आहेत.

महाराष्ट्रात या विषयाचा एक मोठा भाग कंपनी कायद्याच्या बाहेर आहे, आणि विमा कंपन्यांच्या जाहिरातींत तो जवळजवळ नसतो. तो म्हणजे सहकार: पतसंस्था, नागरी बँक, साखर कारखाना, अगदी पौड रस्त्यावरच्या नव्या इमारतींच्या गृहनिर्माण संस्थाही. या संस्थांच्या समितीवर निवडून आलेले सदस्य समितीच्या निर्णयांना सामूहिक आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात; पूर्वी त्यासाठी एम-२० नमुन्यातलं बंधपत्र, म्हणजे तशी लेखी कबुलीही, द्यावी लागे. कित्येक जण त्यावर दिवाणखान्यात चहा पिता पिता सही करून टाकायचे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम ८८ संस्थेचं झालेलं नुकसान चौकशीअंती संचालकांकडून वसूल करण्याची मुभा देतं. १९१२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना संपला. मधल्या काळात याच कलमाखाली माजी संचालक आणि अधिकाऱ्यांवर जबाबदारी निश्चित झाली.

सहकारी बँकांना डी अँड ओ विमा मिळतो. अडचण एका वगळणुकीची असते. पॉलिसीतल्या एका विमाधारकाने दुसऱ्याविरुद्ध केलेला दावा सहसा बाहेर ठेवतात, कारण कंपनी आणि तिचे संचालक संगनमताने आपसात खटला लढवून विमा कंपनीला गंडवतील ही शंका. पण कलम ८८ ची वसुली होते ती संस्थेच्याच वतीने, संस्थेच्याच माजी संचालकांकडून. मंडळ बरखास्त होऊन प्रशासक किंवा अवसायक आलेला असतो आणि तो संस्थेच्या नावाने दावा लावतो. प्रशासक, अवसायक आणि निबंधक यांनी केलेले दावे या वगळणुकीत येणार नाहीत, असं पॉलिसीत लिहून घेतलं नसेल तर ज्या एका दाव्याची सहकारातल्या संचालकाला खरी भीती असते, नेमका तोच बाहेर राहतो. नूतनीकरणाच्या वेळी सेक्रेटरीने ब्रोकरला विचारावा असा पहिला प्रश्न हप्त्याचा नसून या ओळीचा आहे.